घरचं गाणं घरीच टिपायचं, तर यंत्र कोणतं घ्यावं?

सातारा-सांगलीकडच्या घरांत गाण्याला तोटा नाही. मंगळागौर आहे, डोहाळजेवण आहे, एकादशीचे भजन आहे; पाळण्याची गाणी तर प्रत्येक घरची निराळी. कुणी लग्नाआधी गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिलेल्या असतात, कुणाच्या घरी माळ्यावर पेटी असते. तोटा आहे तो गाणे जपून ठेवण्याचा. लोणचे आपण वर्षभर जपतो. पण आत्याबाईंनी शेवटचा पाळणा कोणत्या चालीवर म्हटला, हे विचारले तर घरात कुणालाच धड आठवत नाही!

हल्ली मोबाइल सगळ्यांकडे आहे, मग वेगळे यंत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दुकानात पाऊल टाकण्याआधी हे यंत्र करते काय, कुणाला लागते आणि कुणाला मुळीच लागत नाही, हे नीट समजून घेऊ या. घरखर्चातून वाचवलेले पैसे आहेत, ते उगाच का घालवायचे?

मल्टिट्रॅक म्हणजे काय?

साध्या रेकॉर्डिंगमध्ये गळा, पेटी, तबला सगळे एकदमच टिपले जाते. आमटीत मीठ जास्त पडले की जसे ते बाहेर काढता येत नाही, तसे तबला मोठा झाला की तो मागाहून लहान करता येत नाही. मल्टिट्रॅक रेकॉर्डरमध्ये प्रत्येकाची वाटी वेगळी. एका ट्रॅकवर तानपुरा, दुसऱ्यावर पेटी, तिसऱ्यावर तबला, चौथ्यावर तुमचा आवाज. आधीचे ट्रॅक कानाला हेडफोन लावून ऐकायचे आणि त्यावर पुढचा भरायचा. अंतऱ्यात चूक झाली तर फक्त आवाजाचा ट्रॅक पुन्हा घ्यायचा. बिचाऱ्या तबल्याला परत बसवावे लागत नाही. सगळे मनासारखे झाले की मग वाट्या एकत्र करायच्या, कुठले किती ते आपल्या चवीने.

याचा सगळ्यात मोठा फायदा लग्न होऊन गाव बदललेल्या आपल्यासारख्यांना आहे. समजा, तुमचे माहेर सांगली आणि सासर सातारा. मधे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर. तुम्ही गाता, धाकटी बहीण पेटी वाजवते, पण दोघींना एकत्र बसायला वर्षात दिवाळी आणि एखादे लग्नकार्य एवढेच मिळते. तानपुरा आणि आवाज तुम्ही साताऱ्यात भरून ठेवलात, तर माहेरी जाताना पिशवीत यंत्र टाकले की झाले. तिने तिच्या सवडीने पेटी भरायची. दोघींचे गाणे एक होते, वेळ मात्र ज्याची त्याची!

पूर्वी हे कुणाला परवडत होते?

आपल्याकडे 1902 साली कलकत्त्याला गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका झाल्या, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात राग आटोपायचा आणि चूक झाली तर सगळे पहिल्यापासून. पुढे स्टुडिओ आले, टेप आली. पण कित्येक ट्रॅकची यंत्रे कपाटाएवढी आणि त्यांचे भाडे आपल्या आवाक्याबाहेरचे.

फरक पडला तो 1979 मध्ये. टॅस्कॅम या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ 144' नावाचे यंत्र काढले. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक! अमेरिकेतल्या ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामवंत गायकाने 1982 च्या सुरुवातीला घरात बसून, दोन माइक आणि हे यंत्र घेऊन गाणी भरली. स्टुडिओत पुन्हा करून पाहिली तर घरच्यातली गोडी त्यात येईना. शेवटी घरचीच कॅसेट 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. घरात बसून टिपलेले गाणे कमी प्रतीचे असते असे मुळीच नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. आज कॅसेटची जागा नखाएवढ्या मेमरी कार्डाने घेतली आहे.

मग तुम्हाला हे यंत्र हवेच का?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, गाणे थरांनी भरायचे आहे का, की मैफल जशी झाली तशी टिपायची आहे? दोन, वाजवणारी माणसे निरनिराळ्या वेळी येणार आहेत का? तीन, हे काम महिन्यातून एकदा तरी होणार आहे का?

तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर यंत्र घेऊ नका. नुसती आठवण म्हणून बारशाचे गाणे टिपायला मोबाइल पुष्कळ झाला. आणि उत्तर 'बघू या' असे असेल, तर आधी मोबाइलवरच सराव करा. आयफोनवर 'गॅरेजबँड' आणि साध्या अँड्रॉइड फोनवर 'बँडलॅब' फुकट मिळते. दोन्हींत एकावर एक ट्रॅक भरता येतात. एकच पथ्य पाळा. त्या वेळी हेडफोन तारेचा वापरा. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि तुमचे गाणे ठेक्याच्या मागे पडते. दोष मात्र गळ्याला लागतो!

दोन महिने हे जमले, गोडी लागली, आणि गाताना मधेच मोबाइल वाजून रसभंग होऊ लागला, की मग यंत्राचा विचार करा.

दुकानात काय बघाल?

ट्रॅक किती, आणि एकदम किती? सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खोक्यावर 'आठ ट्रॅक' लिहिलेले असते, म्हणून आठ माइक एकदम चालतील असे वाटते. तसे नसते. टॅस्कॅमच्या 'डीपी-006' वर सहा ट्रॅक आणि 'डीपी-008ईएक्स' वर आठ ट्रॅक, पण एका वेळी भरता येतात ते दोनच. झूम कंपनीच्या 'आर4' मध्येही ट्रॅक चार आणि माइक जोडायच्या जागा दोन. (ही झूम जपानची वाद्ययंत्रे करणारी कंपनी, व्हिडिओ कॉलच्या झूमशी तिचा संबंध नाही.) एकटीने किंवा दोघींनी थर चढवायचे असतील तर दोन जागा भरपूर. पण भजनी मंडळात टाळ, पेटी, मृदंग आणि गाणाऱ्या सगळ्या एकदमच बसणार असतील तर त्या पुरणार नाहीत. झूमच्या 'एच4एन प्रो' वर अंगचे माइक आणि बाहेरचे दोन मिळून चार ट्रॅक एकदम भरता येतात. तेव्हा आधी माणसे मोजा, मग ट्रॅक.

माइक जोडायची सोय कशी? चांगल्या माइकला तीन टोकांची जाड पिन असते, तिला एक्सएलआर म्हणतात. तिची जागा यंत्रात आहे का पाहा. कंडेन्सर माइक घ्यायचा असेल तर यंत्राने त्याला 48 व्होल्टची वीज पुरवावी लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात. वर सांगितलेल्या 'डीपी-006' ला या दोन्ही सोयी नाहीत, 'डीपी-008ईएक्स' ला आहेत. मोडेल जवळपास सारखे दिसते, म्हणून नाव नीट वाचा. साधा डायनॅमिक माइक मात्र फँटमशिवाय चालतो आणि घरातला इकडचातिकडचा आवाजही कमी पकडतो.

वीज गेली तर? पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. यंत्र साध्या पेन्सिल सेलवर चालते का विचारा. नुसते चार्जरवरच चालणारे असेल तर मंगळागौरीच्या रात्री पंचाईत.

आवाज फाटतो का? जवळून तार सप्तकात गेले की आवाज फाटतो, हे सगळ्यांनीच ऐकले असेल. 'आर4' सारख्या नव्या यंत्रांत '32 बिट फ्लोट' नावाची सोय आहे. तिच्यात मोठा झालेला आवाज मागाहून खाली आणता येतो. नवशिकीला ही सोय मोलाची, कारण गाताना सुईकडे बघायचे की सुराकडे? ती नसेल तर सगळ्यात वरचा सूर आधी लावून बघायचा आणि त्या मानाने पातळी खाली ठेवायची.

किंमत किती? दर सारखे बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. नवे यंत्र साधारण एखाद्या फ्रिजच्या हिशेबात बसते असे धरा. पण खरी गंमत पुढे आहे. माइक, त्याचा स्टँड, वायर, कान झाकणारा हेडफोन आणि कार्ड हे सगळे वेगळे घ्यावे लागते. तेव्हा हातात असलेल्या रकमेपैकी साठ-पासष्ट टक्केच यंत्राला ठेवा. भारी यंत्राला हलका माइक म्हणजे पैठणीवर फाटकी चप्पल!

जुने यंत्र चालते का? चालते, पण दुकानात उभे राहून तपासा. प्रत्येक बटन फिरवून पाहा, खरखर येते का ऐका. दोन्ही जागांत माइक लावून प्रत्येक ट्रॅकवर अर्धा मिनिट भरा आणि कार्ड काढून संगणकावर उघडते का बघा. लाजायचे कारण नाही. साडी घेताना आपण पदर उलगडूनच बघतो.

कार्ड मोठे घ्यायची घाई करू नका. उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणात एका ट्रॅकला मिनिटाला साडेआठ ते नऊ एमबी जागा लागते. चार ट्रॅकचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे 175 एमबी. म्हणजे 32 जीबीच्या कार्डात दीडशेहून जास्त गाणी बसतील.

खोली कोणती, वेळ कोणती?

हॉलमध्ये फरशी आणि उघड्या भिंती असतात, आवाज घुमतो. त्यापेक्षा निजायची खोली बरी. गाद्या, पडदे, कपड्यांचे उघडे कपाट हे सगळे आवाज शोषून घेते. माइकच्या मागे एक गोधडी टांगली तर फारच छान. पंखा बंद, फ्रिजपासून लांब, आणि कुकरच्या शिट्ट्या आधी उरकलेल्या. सांगलीच्या बाजूला उसाचा हंगाम सुरू झाला की गाणी लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावरून जात असतात, आणि साताऱ्यात पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असतो. तेव्हा आपल्या गल्लीची शांत वेळ कोणती, हे आठवडाभर बघून ठेवा. बहुतेक घरांत ती दुपारी दोन ते चार असते.

पहिला ट्रॅक तानपुऱ्याचा. तोच पाया. तुमची पट्टी काळी चार की काळी पाच हे आधी ठरवा, कारण मागाहून बदलायची म्हटली तर सगळेच पुन्हा. पेटीशी तानपुरा मिळवूनच भरा. पेटीचा सूर बदलता येत नाही, तानपुऱ्याचा येतो. मग ठेका, मग पेटी, आणि आवाज शेवटी.

तानपुऱ्याचा विषय निघालाच आहे, तर आपले भाग्य केवढे ते बघा. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला सुरुवात केली, आणि त्या गल्लीतले तानपुरे आज देशभर जातात. 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि इथेच 1905 साली हिराबाई बडोदेकर जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतात. मोबाइलवरचा तानपुरा सोयीचा खरा; पण कुणाकडे खरा असेल, तर मागून आणा आणि दहा मिनिटे भरून ठेवा. ते कायमचे कामाला येईल.

सासूबाईंच्या ओव्या आधी!

एक गोष्ट मात्र यंत्र येण्याची वाट न बघता करा. घरात जात्यावरच्या ओव्या येणारी कुणी वडीलधारी बाई असेल, तर तिचा आवाज आजच टिपा, मोबाइलवर का होईना. इथे ट्रॅक नकोत, हेडफोन नको. त्यांच्या कानाला तार लावलीत तर त्या गाणारच नाहीत. यंत्र हातभर अंतरावर ठेवा, हातात निवडायला तांदूळ द्या आणि गप्पा मारा. ओवी आपोआप येईल. टिपतो आहोत हे आधी सांगा, आणि कुणाला ऐकवायचे ते त्यांनाच विचारा. माहेरची दुःखे असतात त्यात. सगळीच चारचौघांसाठी नसतात.

या ओव्यांचे मोल किती? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे ठेवायला घेतल्या. गाणाऱ्या बाईच्या नावासकट! आपल्या घरच्या बाईचे नावही असेच तारीख आणि गाव घालून फाइलला द्या. 'रेकॉर्डिंग 14' या नावावरून दहा वर्षांनी कुणाला काही कळायचे नाही.

जपणूक

गाणे पुरे झाले की त्याच दिवशी दोन नकला करा. एक संगणकावर, एक दुसऱ्याच घरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, प्रत उतरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. महिनाभर यंत्र लागणार नसेल तर सेल काढून ठेवा, नाही तर ते पाझरतात. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येते तसली ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा.

आणि शेवटचे. मिक्सर घेताना घरात कुणी 'कशाला?' म्हणत नाही, कारण तो सगळ्यांच्या पोटासाठी असतो. हे यंत्र म्हणाल तेव्हा कदाचित कुणी विचारेल. तेव्हा ओशाळू नका. खर्चाचा कागद पुढे ठेवा, दोन महिने मोबाइलवर भरलेले गाणे ऐकवा, आणि सांगा की एवढे जमले आहे, पुढचे जमवायचे आहे. मुले मोठी झाल्यावर फोटोतला तुमचा चेहरा तर बघतीलच. तुमचा आवाजही त्यांना ऐकू येऊ दे!