पिकतं तिथं विकावं कसं?



'पिकतं तिथं विकत नाही' ही म्हण आपण माणसांच्या बाबतीत वापरतो. घरच्या माणसाच्या गुणांचं मोल घरच्यांना कळत नाही, असा तिचा अर्थ. मी भाजीपाला पिकवणारा शेतकरी आहे आणि मला ही म्हण अगदी अक्षरशः खरी झालेली पाहायला मिळाली.

गोष्ट 2012 सालची. टोमॅटोचे चाळीस क्रेट भरून रात्री टेंपोनं शहराच्या मार्केट यार्डात पाठवले. दोन दिवसांनी आडत्याची पट्टी हातात आली. वाहतूक, हमाली, तोलाई, आडत सगळं वजा जाता उरले एकशे दहा रुपये. त्याच दिवशी नातवाच्या दाखल्यासाठी गावातल्या शाळेत गेलो. आहार शिजवणाऱ्या मावशी ओसरीत टोमॅटो चिरत बसल्या होत्या. सहज विचारलं, "कुठून आणले?" म्हणाल्या, "किराणावाल्याकडून." किराणावाल्याला विचारलं, तर तो माल त्यानं त्याच मार्केट यार्डातून आणलेला. शाळेच्या कुंपणाला लागून माझं शेत. तरी शाळेतला टोमॅटो एकशे वीस किलोमीटरचा फेरा करून, तीन हात बदलून आला होता. प्रत्येक हातानं आपली मजुरी घेतली होती आणि त्यात कोणाची लबाडी होती असंही नाही. रस्ताच तसा पडला होता.

हा रस्ता जवळचा करता येईल का, हा आजच्या बोलण्याचा विषय. शेताजवळची शाळा आणि शेताजवळची हॉटेलं, खानावळी ही दोन गिऱ्हाइकं छोट्या शेतकऱ्याला जोडता येतात का, आणि जोडायची तर कशी?

आधी शाळेचं पाहू. शाळेत दुपारचं जेवण देण्याची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच राज्यांत मुलांना महिन्याचं कोरडं धान्यच मिळे. सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला, की शिजवलेलं अन्नच द्या. 2021 पासून या योजनेचं नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असं झालं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी, असं तिचं प्रमाण आहे. धान्य सरकारी गोदामातून येतं. भाजी मात्र ग्रामीण भागात बहुधा शाळेच्या पातळीवरच घेतली जाते. शेतकऱ्याला शाळेत शिरायला दार आहे ते इथं.

आता थोडा हिशेब करू. एका शाळेत पाचवीपर्यंतची 120 मुलं आणि पुढची 80 मुलं आहेत असं धरा. दोन्ही गटांना रोज सहा-सहा किलो, म्हणजे एकूण बारा किलो भाजी लागते. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षात किमान 200 आणि वरच्या वर्गांचे 220 दिवस शाळा भरते. म्हणजे वर्षाची गरज साधारण पंचवीस क्विंटल. अर्धा एकर भाजीपाला करणाऱ्या घराला हे गिऱ्हाईक लहान नाही. पण रोजची बारा किलो भाजी घेऊन कोणी टेंपो लावला, तर भाड्यातच सगळं संपेल. गोची इथंच आहे. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण दोघांना जोडणारी फेरी परवडत नाही.

दुसरी अडचण भावाची. 1 मे 2025 पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 6 रुपये 78 पैसे मिळतात. त्यात डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन, सगळं बसवायचं. भाजी चाळीस रुपये किलो असेल, तर पन्नास ग्रॅमला दोन रुपये पडतात, निभावून जातं. तीच ऐंशीवर गेली की चार रुपये होतात आणि मुख्याध्यापकांचा हात आपोआप बटाट्याकडे वळतो. त्यात त्यांचा काय दोष? म्हणजे शाळेला चढा भाव झेपत नाही आणि आम्हाला पडलेला भाव झेपत नाही. दोघांची गरज एकच, वर्षभर फारसा न हलणारा भाव.

आम्ही अकरा घरांनी 2013 मध्ये गट केला. पहिली फेरी सुरू केली ती दुधाच्या गाडीवर. ही गाडी सकाळी गावोगावचे कॅन गोळा करत तालुक्याला जाते. तिच्या वाटेवर पाच शाळा आणि एक आश्रमशाळा आहे. गाडीवाल्याला क्रेटमागे ठरावीक पैसे दिले आणि वाहतुकीचा प्रश्न निम्मा सुटला. मुख्याध्यापकांबरोबर बसून सत्राचा एकच भाव ठरवला. बाजार चढला तरी आम्ही वाढवून मागायचा नाही, उतरला तरी त्यांनी कापायचा नाही. पहिल्याच श्रावणात बाजार आमच्या भावाच्या दुप्पट झाला. त्या वेळी गटातल्या दोघांची चुळबुळ झाली, हे कबूल केलं पाहिजे. पुढं हिवाळ्यात मेथीची जुडी रस्त्यावर फेकायची वेळ आली, तेव्हा त्याच भावानं आम्हाला सावरलं.

मग पेरणीची पद्धत बदलावी लागली. पूर्वी मी एकदम दहा गुंठे मेथी टाकत असे. ती एकाच आठवड्यात काढणीला यायची आणि विकायची कुठं म्हणून धावपळ व्हायची. मेथी, पालक महिनाभरात निघतात, शेपूला थोडे दिवस जास्त लागतात, दुधीला दोन महिने. म्हणून आता शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून उलटं मोजतो आणि दर आठ दिवसांनी दोन-दोन वाफे टाकतो. बांधाला शेवगा आहेच. तो शाळेला फार उपयोगी, कारण शेंगा संपल्या तरी पाला चालतो.

पण शाळा दिवाळीत बंद, मे महिन्यात बंद, रविवारी बंद. पीक काही सुट्टी घेत नाही. इथं हॉटेलं कामाला येतात. हमरस्त्यावरच्या हॉटेलांची गर्दी नेमकी शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत. आणखी एक सोय अशी, की हॉटेलला एका मापाची, देखणी वांगी हवीत. भरल्या वांग्याला मोठंलहान चालत नाही. शाळेच्या पातेल्यात वांगं चिरूनच जातं. वाकडं वांगं चवीला वाकडं नसतं. त्यामुळे निवडलेला माल चार पैसे जास्त घेऊन हॉटेलला, आणि तसाच ताजा पण बेढब माल ठरल्या भावानं शाळेला, अशी वाटणी बसली. एकटी शाळा किंवा एकटं हॉटेल घेऊन आमचं गणित जमलं नसतं. दोन्ही मिळून जमलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एका मोठ्या हॉटेलनं चार महिने माल घेतला आणि पैसे थकवले. आज देतो, उद्या देतो करत व्यवस्थापकच बदलला. नव्यानं जुन्या चिठ्ठ्या मानल्या नाहीत. सत्तावीस हजार रुपये बुडाले. त्यानंतर नियम केला, की माल पोचल्यावर सही-शिक्का घ्यायचा आणि पंधरा दिवसांपुढं उधारी नाही. आज आमची भरवशाची गिऱ्हाइकं आहेत ती दोन खानावळी आणि एक ढाबा. त्यांची खरेदी थोडी, पण शनिवारी हिशेब चुकता.

दुसरा प्रसंग पैशापेक्षा जड गेला. वांग्यावर शेंडे आणि फळं पोखरणारी अळी येते. तिच्यासाठी औषध मारलं, की ठरावीक दिवस फळ तोडायचं नाही, असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. बाजारात हे कोणी विचारत नाही. आमच्या गटात माझा चुलत भाऊ होता. एकदा त्यानं परवा फवारलेली वांगी आज क्रेटमध्ये भरून आणली. मी ती परत केली. सगळ्यांसमोर केली, ही माझी चूक. तो म्हणाला, "इतकी वर्षं असंच विकतोय, कोण मेलं?" गट सोडून गेला. आमचं बोलणं दोन वर्षं बंद होतं आणि आता सुरू झालंय तेही कामापुरतं. त्याची नात आज त्याच शाळेत जेवते. त्या दिवसापासून फवारणीची वही प्रत्येक घरात आहे, आणि ज्याची वही कोरी त्याचा माल गाडीवर चढत नाही. खाणारं पोर कुणाचं आहे हे माहीत असलं, की शेतकऱ्याचा हात जपून चालतो. जवळच्या बाजाराचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

हे आमच्या अकरा घरांचं झालं. देशाच्या पातळीवर हे करता येतं का? ब्राझीलनं करून दाखवलंय. तिथं 2009 साली कायदा झाला, की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान 30 टक्के पैसे कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठीच वापरायचे. त्यातली मेख पाहा. छोटा शेतकरी निविदेत मोठ्या व्यापाऱ्यापुढं टिकत नाही, म्हणून निविदेऐवजी जाहीर आवाहनाची पद्धत ठेवली. बाजारभाव पाहून दर आधीच जाहीर करायचा, मग स्पर्धा भावाची राहत नाही. एका कुटुंबानं वर्षात किती विकावं याला मर्यादा घातली, म्हणजे सगळा वाटा एकाच्याच घरात जाऊ नये. भूमिसुधारणेतून जमीन मिळालेले आणि आदिवासी शेतकरी यांना प्राधान्य दिलं. 2025 मध्ये नवा कायदा करून हा वाटा 2026 पासून 45 टक्के केला. जपाननं 2005 साली आहारशिक्षणाचा कायदा केला. 'चिसान-चिशो' हा तिथला परवलीचा शब्द आहे. त्याचा अर्थ, जिथं पिकतं तिथंच खावं. आपल्या म्हणीला हे जपानी उत्तरच म्हणायचं! अमेरिकेत बर्कली गावात अ‍ॅलिस वॉटर्स यांनी 1971 मध्ये रेस्टॉरंट काढलं आणि पुढं आसपासच्या शेतांवर काय तयार आहे ते पाहून रोजचा बेत ठरवायची रीत पाडली. 1995 मध्ये त्यांच्याच पुढाकारानं तिथल्या एका शाळेत मुलांची बाग आणि स्वयंपाकघर उभं राहिलं.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला. आता तो शेतकरी कोणालाही थेट विकू शकतो, आणि समितीत विकला तरी आडत शेतकऱ्याकडून कापायची नाही असं ठरलं. शाळेच्या योजनेतही शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करून घ्यावं, शाळेत परसबाग करावी, असं 2021 पासून सांगितलेलं आहे. पण 'करावं' आणि 'इतकं केलंच पाहिजे' यात फरक आहे. ब्राझीलच्या कायद्यात आकडा आहे. आपल्याकडे तो नाही. निदान भाजीच्या खर्चाचा ठरावीक वाटा गावच्या शेतकऱ्यांकडूनच खर्च व्हावा आणि पैसे वेळेवर मिळावेत, एवढं झालं तरी पुष्कळ होईल.

तोवर वाट पाहत बसायची गरज नाही. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: एका शाळेनं आणि एका खानावळीनं सुरुवात करा. त्या वाटेवर रोज कोणती गाडी जाते ते पाहा. भाव सत्रभराचा ठरवा, तोही कागदावर. फवारणीची वही ठेवा. आणि शहरातल्या श्रोत्यांनो, हॉटेलात बसल्यावर भाजी कुठल्या गावची, हे मालकाला एकदा विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, की अकराव्याच्या आधी मालक आमच्याकडे फोन करतो, हा माझा अनुभव आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)