अध्यक्ष पालकच

मिरा-भाईंदर महापालिकेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत, माध्यम कोणतेही असो, शाळा व्यवस्थापन समिती हवीच. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २१ तसे सांगते. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या जागा महिलांना. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सचिव.

खरी ताकद आहे ती कलम २२ मधल्या शाळा विकास आराखड्यात. तो समितीने तयार करायचा आणि सरकारने किंवा महापालिकेने आपले नियोजन व अनुदान त्याच्या आधारे ठरवायचे. गळके छत, नादुरुस्त स्वच्छतागृह, अपुरे वर्ग यांची नोंद त्यात झालीच पाहिजे. पालकांनी वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

विनाअनुदानित खासगी शाळांना कलम २१ लागू नाही.