विश्लेषण : नर्सिंग होमला पाच तारे, पण रात्री हाकेला कोण येणार?

अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी काळजीगृह शोधणाऱ्या पुण्या-ठाण्यातल्या कुटुंबाच्या हाती काय लागते? चकचकीत खोल्यांचे फोटो, महिन्याचा दर, डिपॉझिटची रक्कम आणि गूगलवरचे चार अभिप्राय. अमेरिकेत याच प्रश्नासाठी सरकारी संकेतस्थळ आहे. सुमारे १५ हजार नर्सिंग होमना तेथे एक ते पाच तारे दिलेले दिसतात. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. तिथे मात्र स्वतःचे स्वतः करता न येणारे वृद्ध अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहतात.) हे तारे कितपत खरे, यावर तिथे अजूनही वाद आहे. पण त्या वादातून पुढे आलेली माहिती महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्याही कामाची आहे.

तारे ठरतात कसे?

नर्सिंग होममधील हेळसांडीच्या तक्रारींनंतर अमेरिकेने १९८७ मध्ये कायदा कडक केला. १९९८ पासून तपासणीची माहिती संकेतस्थळावर येऊ लागली आणि डिसेंबर २००८ मध्ये तारे आले. मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना चालवणारी ‘सीएमएस’ ही केंद्रीय यंत्रणा ते देते. त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात : तपासणीत सापडलेल्या त्रुटी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रहिवाशांच्या प्रकृतीचे निकष, म्हणजे बेडसोर, पडून झालेल्या दुखापती, गुंगी आणणारी मनोविकाराची औषधे वगैरे.

पाया तपासणीचा. राज्याचे पथक न कळवता येते. दोन तपासण्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये, असा नियम आहे. मात्र तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात क्रमवारी लावून दिले जातात. वरच्या १० टक्क्यांना पाच, तळाच्या २० टक्क्यांना एक आणि उरलेल्यांना मधले तारे. म्हणजे हा वर्गातला नंबर झाला, पेपरातले गुण नव्हेत. सगळा वर्गच कच्चा असला तरी कुणीतरी पहिला येतोच. त्यामुळे एका राज्यातले पाच तारे दुसऱ्या राज्यातल्या पाच ताऱ्यांशी ताडून पाहता येत नाहीत.

मग गफलत कुठे होते?

प्रकृतीच्या निकषांपैकी बरीचशी माहिती नर्सिंग होम स्वतःच भरून देते. शिकागो विद्यापीठातील प्राची संघवी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही माहिती रुग्णालयांच्या बिलांशी ताडून पाहिली. पडून गंभीर दुखापत झाल्याने रुग्णालयात न्यावे लागलेल्या घटनांपैकी जेमतेम ५७ टक्के घटना नर्सिंग होमनी नोंदवल्या होत्या. बाकीच्या ठिकाणी हाड मोडले, बिल झाले, पण नोंद नाही.

औषधांचेही तसेच. स्किझोफ्रेनिया असलेल्या रहिवाशांना मनोविकाराची औषधे दिली तर ती निकषात मोजली जात नाहीत. काही ठिकाणी हे निदान पुरेशा आधाराविना लिहिले जात असल्याचे समोर आल्यावर सीएमएसने २०२३ मध्ये अशा नोंदींची पडताळणी सुरू केली आणि दोषी आढळणाऱ्यांचे तारे कापण्याचे ठरवले. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेतील करोनाचा पहिला मोठा उद्रेक वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंडच्या ज्या नर्सिंग होममध्ये झाला, त्यालाही तेव्हा पाच तारे होते.

मनुष्यबळाचा आकडाच मोलाचा का?

कर्मचाऱ्यांची संख्याही पूर्वी नर्सिंग होमच सांगत असे, तीही तपासणीच्या सुमारास. २०१६ पासून रोजच्या पगारपत्रकाच्या नोंदी द्याव्या लागू लागल्या आणि २०१८ मध्ये त्या ताऱ्यांसाठी वापरल्या गेल्या. तेव्हा शनिवार-रविवारी कर्मचारी बरेच कमी असतात हे उघड झाले. पुरेसे दिवस नोंदणीकृत परिचारिका हजर नसल्याने किंवा नीट नोंदीच न दिल्याने सुमारे १,४०० ठिकाणांचे तारे एका फटक्यात घटले. २०२२ पासून सुट्टीच्या दिवसांची हजेरी आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले, हेही मोजले जाते. रोज नवा माणूस आला तर आजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे कुणाला ठाऊक असणार?

सगळ्या आकड्यांत हाच आकडा बनावट करायला अवघड, आणि त्याचा परिणाम थेट शरीरावर दिसतो. हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कातडी फुटते. कूस बदलणे, डायपर पाहणे, पाणी पाजणे याला माणशी १० मिनिटे धरली, तर अशा २० जणांना ३ तास २० मिनिटे लागतात. रात्री एकच मावशी असेल तर हे काम दोन तासांत होऊच शकत नाही. मावशी कितीही मायाळू असो.

अमेरिकेने २०२४ मध्ये दर रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची सेवा बंधनकारक केली होती. ३० रहिवासी असतील तर आठ तासांच्या पाळीच्या हिशेबाने २४ तासांत सुमारे १३ कर्मचारी. ‘माणसे मिळत नाहीत, खर्च परवडत नाही’ म्हणत व्यावसायिक न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. निकष म्हणून १३ हा आकडा मात्र लक्षात ठेवण्याजोगा.

महाराष्ट्रात काय स्थिती?

१९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा मुख्यत्वे खासगी रुग्णालयांना लावला जातो. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण पैसे भरून राहण्याच्या जागांची प्रतवारी नाही. काळजीगृहांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्या लोकसभेची मुदत संपली, तरी ते मंजूर झाले नाही. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दरवाजे, लिफ्ट, रॅम्प यांचे नियम केले. ते इमारतीपुरते.

तारे नसताना तुलना कशी करायची?

ठरवून दिलेल्या वेळी फेरफटका मारून काहीच कळत नाही. एकदा रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी न कळवता जावे. ज्यांना भरवावे लागते त्यांच्यासमोरचे ताट किती वेळ तसेच राहते, ते पाहावे. आत जाऊ दिले नाही तर तेही उत्तरच.

विचारायचे प्रश्न थोडेच. रात्री १० ते सकाळी ६ प्रत्यक्ष जागे किती जण असतात आणि त्या वेळी रहिवासी किती? त्यांत प्रशिक्षित नर्स कोण? सर्वांत जुनी मावशी किती वर्षांची आहे, म्हणजे नोकरीत? सध्या किती जणांना बेडसोर आहेत? ‘एकालाही नाही’ असे उत्तर आले तर कूस बदलल्याची नोंदवही दाखवायला सांगावी. झोपेची किंवा शांत राहण्याची गोळी कुटुंबाला न विचारता सुरू होते का, हे आधी ठरवून घ्यावे.

करारात दोन ओळी नीट वाचाव्यात. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात, कुणाच्या सोबतीने नेणार, ही एक. आणि महिना पूर्ण होण्याआधी माणसाला घरी न्यायचे झाले तर डिपॉझिट किती परत मिळणार, ही दुसरी. हे आकडे दोन-तीन ठिकाणांहून आणून एका कागदावर शेजारी शेजारी मांडले, तर महिन्याच्या दरातला फरक कशाचा आहे ते दिसू लागते : बागेचा, एसीचा, की रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा.