लेझर डायोडाची बैठक, शीतन आणि विद्युत्पुरवठा

भिंतीवर लेझरच्या किरणाने अशोकचक्र उमटले की पाहणारे किरणाविषयी विचारतात. ज्या धातूच्या ठोकळ्यात तो डायोड बसविलेला असतो, त्याची चौकशी कोणी करीत नाही. प्रस्तुत लेख मुख्यत्वे त्या ठोकळ्याविषयी आहे. विद्यालयाच्या विज्ञान मंडळाने लेझर प्रक्षेपक स्वतः बांधावयास घेतला, तेव्हा मुलांना जे समजावून द्यावे लागले ते येथे मांडत आहोत.

प्रक्षेपकात किरण एकच असतो. दोन चिमुकले आरसे, एक आडव्या आणि एक उभ्या दिशेने, त्याला इतक्या वेगाने फिरवितात की डोळ्यास बिंदू न दिसता रेषा दिसते. किरणाचा उगम असलेला डायोड बहुधा ५.६ मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या डबीत बंद असतो आणि आतील स्फटिक जेमतेम मिठाच्या कणाएवढा असतो. समजा, तांबड्या डायोडातून २५० मिलिअँपिअर प्रवाह २.४ व्होल्टांवर जात आहे. म्हणजे ०.६ वॅट शक्ती आत गेली. त्यातील साधारण पाव हिस्सा प्रकाश झाला, तर उरलेल्या सुमारे ०.४५ वॅटची उष्णता होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण ती सारी उष्णता त्या मिठाच्या कणातून बाहेर काढावयाची आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक असल्याने येथे थोडे मागे जाणे भाग आहे. १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांनी पहिला लेझर डायोड चालविला, तो द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, म्हणजे शून्याखाली सुमारे १९६ अंश सेल्सिअसवर, आणि तोही प्रवाहाचे क्षणिक ठोके देऊन. खोलीच्या तापमानावर अखंड चालणारा डायोड १९७० साली साध्य झाला. लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटाने, तर बेल प्रयोगशाळेत इझुओ हायाशी आणि मॉर्टन पॅनिश यांनी तो स्वतंत्रपणे घडविला. दोन निराळ्या अर्धवाहक थरांमध्ये एक पातळ थर कोंडल्याने थोड्या प्रवाहात लेझर साधू लागला आणि उष्णता आटोक्यात आली. मधली आठ वर्षे प्रामुख्याने तापाशी झुंजण्यात गेली. तो झगडा आजच्या डायोडातही संपलेला नाही. डायोड तापला की प्रकाश मंदावतो. नवशिका प्रवाह वाढवितो. त्याने ताप आणखी वाढतो. निळ्यापेक्षा तांबडा डायोड या बाबतीत फार हळवा असतो.

म्हणून बैठक. उष्णता डबीच्या तळातून निघते, काचेच्या तोंडाकडून नव्हे. तेव्हा तळाची कडा धातूला सर्व बाजूंनी घट्ट भिडली पाहिजे. तांबे ॲल्युमिनियमच्या सुमारे दुप्पट उष्णता वाहते, पण ॲल्युमिनियम कापावयास सोपे व स्वस्त आहे. लहान डायोडास ते पुरते. डायोड भोकात सरळ दाबून बसवावा, हातोडीने ठोकू नये. ठोकळा आणि पंखेदार हीटसिंक यांच्यामधील पृष्ठभाग घासून सपाट करावा व थर्मल पेस्टचा पातळ थर द्यावा. पेस्ट जाड थापली की तीच अडसर होते. कानस चालविणारा हात आणि सूत्र मांडणारा मेंदू वेगवेगळ्या माणसांचे असावेत, ही आपल्या समाजाची जुनी सवय. येथे ती टिकत नाही. पृष्ठभाग ओबडधोबड राहिला तर गणित अचूक असूनही डायोड मरतो. यास्तव घासकाम आणि हिशेब दोन्ही प्रत्येक मुलाने करावे, असा दंडक आम्ही ठेवला. आणखी एक काळजी अशी की काही डायोडांचे कवच आतून एका टोकाशी जोडलेले असते. अनेक डायोड एकाच पेटीत असल्यास त्यांचे ठोकळे विद्युतदृष्ट्या अलग ठेवावेत.

पेल्टिए पट्टीने ठोकळा गार करता येतो, परंतु तिची दुसरी बाजू तापते आणि तेथे मोठा हीटसिंक व पंखा लागतोच. पावसाळ्यात ठोकळा फार गार केला तर भिंगावर दव साचते. वीस ते पंचवीस अंशांच्या खाली जाण्याचा हव्यास नको.

डायोडास व्होल्ट नव्हे, अँपिअर मोजून द्यावे लागतात. व्होल्टता किंचित वाढली तरी प्रवाह कैक पटींनी वाढतो, म्हणून बॅटरी थेट जोडणे म्हणजे डायोड गमावणे. एल.एम. ३१७ हे स्वस्त आय.सी. आपल्या दोन टोकांत १.२५ व्होल्ट कायम राखते. तेथे ५ ओहमचा रोध लावला की १.२५ भागिले ५, म्हणजे ०.२५ अँपिअर इतकाच प्रवाह मिळतो. एका आऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना किरण विझवावयाचा असल्याने प्रत्यक्ष प्रक्षेपकास संकेतावर चालू-बंद होणारा ड्रायव्हर लागतो. तत्त्व मात्र हेच. ड्रायव्हर आधी चार साधे डायोड आणि १ ओहमचा रोध यांच्या साखळीवर तपासावा. रोधावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. नंतर वीज बंद करून ड्रायव्हरचा कपॅसिटर रिकामा करावा आणि मगच लेझर जोडावा. भरलेल्या कपॅसिटरचा एक झटका स्फटिकाचा आरशासारखा काठ वितळवितो. त्यानंतर डायोड साध्या एल.ई.डी.सारखा मिणमिणत राहतो. अंगावरील स्थिर विद्युतही हेच करते; हात लावण्यापूर्वी भूसंपर्कित मनगटपट्टी बांधावी.

उरले डोळे. ५ ते ५०० मिलिवॅटचे लेझर तृतीय-ब वर्गात मोडतात व थेट किरण दृष्टी नेऊ शकतो. आरसे फिरत असताना ही शक्ती पसरते. आरसा अडकला तर सारी एकाच बिंदूवर उतरते. म्हणून आरसे थांबताच प्रवाह तोडणारे मंडल आणि झाकण उघडताच वीज बंद करणारा स्विच बसविल्यावाचून आम्ही पेटी सुरू करू देत नाही. चष्मा त्याच तरंगलांबीसाठी बनविलेला हवा. उन्हाचा काळा चष्मा कुचकामी. किरण प्रेक्षकांच्या डोक्यावरून, तीन मीटर उंचीने जातो, आणि प्रक्षेपकाची चावी शिक्षकांकडे असते.