एका राजाची बदनामी आणि चाळीस वर्षांचा तपास

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, तेव्हा आमच्या ओझरची पोरं गाड्या भरून बघायला गेली. तुम्हीही गेला असाल. परतताना गाडीत सगळे गप्प. नारायणगाव जवळ आल्यावर एक मित्र म्हणाला, "आमचे आजोबा सांगायचे, संभाजीराजे वाया गेलेले होते म्हणून. मग हे काय?"

आजोबा थापा मारत नव्हते. त्यांच्या तरुणपणी बहुतेक नाटकं-कादंबऱ्यांत हेच असायचं. रागीट, व्यसनी, बापाचं कमावलेलं घालवणारा मुलगा. ते चित्र ज्यांनी मुळापासून तपासलं, त्यांचं नाव वा. सी. बेंद्रे. सिनेमा पाहून रडलेल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? मलाही नव्हतं.

बेंद्रे १८९४ चे, पेणचे. शिक्षण मॅट्रिक. लघुलेखन शिकून नोकरी धरली. कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात कागद चाळायला लागले आणि त्यातच अडकले.

त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. संभाजी महाराज व्यसनी होते, हे पहिल्यांदा सांगितलं कुणी? आम्हाला मास कॉमच्या पहिल्याच वर्षी हे शिकवतात: माहिती देणारा तिथे होता का, आणि त्याचा काही राग-लोभ आहे का? आता बघा. या बदनामीचा मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती लिहिली गेली १९व्या शतकाच्या सुरुवातीला. महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ ची. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षं! शिवाय मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातले, आणि बाळाजींना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. अशा साक्षीवर आपण आज साधी बातमीसुद्धा छापणार नाही. (निदान छापू नये.)

मग बेंद्र्यांनी त्या काळातलेच कागद गोळा केले. मराठी पत्रं, फारसी नोंदी, इंग्रज आणि पोर्तुगीज दप्तरं. त्यातून वेगळाच माणूस दिसायला लागला. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरलेला असताना सातेक वर्षं लढणारा, गोव्यात पोर्तुगीजांना घाम फोडणारा, 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा. या कामाला चाळीसेक वर्षं गेली. 'छत्रपती संभाजी महाराज' हा ग्रंथ १९६० मध्ये आला. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी त्यानंतरची, १९७९ ची, आणि सिनेमा तिच्यावरून.

अजून एक. शिवजयंतीला शिवनेरीवरून ज्योत घेऊन आपण पळत येतो, चौकात महाराजांचा फोटो असतो. एकेकाळी घरोघरी महाराज म्हणून जे चित्र लावलेलं असायचं, ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं होतं. ते दाखवून १९३३ मध्ये महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं, तेही बेंद्र्यांनीच. वढू बुद्रुकची समाधीसुद्धा त्यांनीच शोधून मांडली.

मला मात्र गाडीतला दुसरा प्रश्न जास्त छळतोय. "मग राजांना पकडून दिलं कुणी?" १ फेब्रुवारी १६८९, संगमेश्वर. सिनेमाने बोट दाखवलं शिर्क्यांकडे. त्या घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तीनशे वर्षांपूर्वीचा आरोप आजच्या पोरांच्या आडनावाला चिकटतो. आमच्या गाडीत त्यावर वाद झाला, जोरात झाला, पण पुराव्याचा एक कागदसुद्धा कुणी वाचलेला नव्हता. माझ्यासकट.

आता तो मित्र बेंद्र्यांचा ग्रंथ शोधतोय. आजोबांना वाचून दाखवणार म्हणतो. रविवारी वढूला जायचं ठरलंय: नारायणगाव, चाकण, शिक्रापूर, मग कोरेगाव भीमावरून आत. गाडीत एक जागा शिल्लक आहे.