सोंगाड्याची घडण

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील माळेगाव, पणदरे, वडगाव निंबाळकर हा नीरा डाव्या कालव्यावर पोसलेला उसाचा पट्टा असून, कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपत येतो त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या यात्रांचा मोसम भरात येतो. यात्रेच्या रात्री तमाशाचा फड उभा राहतो. या फडात बोललेली आणि गायलेली कविता विनोदासाठी वापरून पोट भरणारा जो कलावंत असतो, तो सोंगाड्या होय. शहरी रंगमंचावर आज कविता सादर करणारे आणि गाऊन हसवणारे कलावंत जे काम करतात, ते फडात फार पूर्वीपासून स्वतंत्र कसब म्हणून रुजलेले आहे.

तमाशाचा रूढ क्रम गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा सांगितला जातो. गण म्हणजे गणेशस्तवन, तर वग म्हणजे रात्रीचे मुख्य कथानाट्य. या दोहोंच्या मधली बतावणी, म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांच्यातील विनोदी सवाल-जवाब, हे सोंगाड्याचे खरे परीक्षास्थळ असते. सरदार फडाचा प्रमुख. त्याने सरळ प्रश्न विचारायचा आणि सोंगाड्याने तो वाकड्या अर्थाने घ्यायचा, अशी ही विभागणी आहे. पराक्रमाच्या अर्थाने 'कुणात किती पाणी आहे ते बघू' असे सरदार म्हणतो, तेव्हा सोंगाड्या ते पाणी थेट कालव्याच्या आवर्तनावर नेतो आणि शेवटच्या फाट्यावरच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे सरदारापुढे मांडतो. असा विनोद जागच्या जागी सुचल्यासारखा वाटत असला, तरी त्यासाठी गावातील पाण्याची, उसाच्या दराची आणि गावपुढाऱ्यांची माहिती प्रयोगापूर्वीच काढून ठेवावी लागते.

बतावणी जवळून पाहिली असता तिच्यात दोन भाग स्पष्ट दिसतात. पद्य बांधलेले असते, त्याच्या मात्रा आणि यमके हलत नाहीत. गद्य मात्र सैल असते, आणि समोरचा समुदाय पाहून ते लांबवता किंवा आखडता येते. हशा लांबला की सरदार तोच प्रश्न पुन्हा विचारतो, त्यामुळे सोंगाड्याचा पुढचा शब्द गोंगाटात वाहून जात नाही. विनोद पडला, तर सोंगाड्या तत्काळ कडव्यावर उडी घेतो आणि ढोलकीची उठावण ती पडझड झाकून टाकते. कडव्याच्या शेवटी मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे ध्रुपदाचा सूर वर उचलून धरणारे साथीदार, 'जी जी' करीत स्वर लांबवतात. तेवढ्या अवधीत सोंगाड्याला श्वास मिळतो आणि पुढचे उत्तर जुळवायला सवडही मिळते. विनोदी शब्द आणि ढोलकीची थाप यांच्यामध्ये किती थांबायचे, हे त्याला सर्वांत शेवटी जमते.

हे शिक्षण कानानेच होते, कारण फडातील वग आणि बतावण्या बहुधा लिखित संहितेवाचून चालत आल्या आहेत. नवखा मुलगा तुणतुणे किंवा झील धरतो, किरकोळ सोंगे करतो आणि अनेक हंगामांनंतर बतावणीला उभा राहतो. फडाचा हंगाम साधारणतः दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. त्यासाठी कलावंत फडमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो आणि पुढे ती कामातून फेडतो. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तेथे येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. त्या बोलीत नर्तकींइतकेच सोंगाड्याचे नावही मोलाचे ठरते.

अशा कारकिर्दीचा बारामतीशी जुना संबंध आहे. सोलापूरचे रामजोशी हे व्युत्पन्न शाहीर घरचा विरोध पत्करून तमाशात उतरले आणि पुढे कीर्तनाकडे वळले. बारामतीला राहणारे पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्या सहवासामुळे हे वळण आले, अशी परंपरा आहे. मोरोपंतांच्या आर्या रामजोशींच्या कीर्तनांतून लोकांपर्यंत पोहोचल्या. माध्यम बदलले तरी पाठ पद्य आणि सैल निरूपण ही जोडी कायम राहिली. विसाव्या शतकात दादा कोंडके यांनी वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यात हीच रीत नागर प्रेक्षकांपुढे नेली. संहिता सबनीसांची असली, तरी ताज्या राजकारणावरची कोंडके यांची हजरजबाबी भर हे त्या प्रयोगांचे आकर्षण होते. १९७१ साली आलेल्या त्यांच्या चित्रपटाचे नावच 'सोंगाड्या' होते.

चित्रपटाने विनोद गोठवून दूरवर पोहोचवला, परंतु समुदाय पाहून गद्य लांबवण्याची किंवा आखडण्याची मुभा त्यात उरली नाही. ती मुभा वापरण्याचे शिक्षण आजही यात्रेतच मिळते. म्हणून २०२० आणि २०२१ साली करोनामुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा फडांचे उत्पन्न तर बुडालेच, शिवाय झील धरणाऱ्या मुलांचे शिकण्याचे दोन मोसमही वाया गेले. थकलेली उचल पुढच्या हंगामात फेडता येते. पडलेला विनोद भर गर्दीत सावरण्याची सवय मात्र गर्दीवाचून लागत नाही.