मुठेचे पाणी आणि मज्जातंतूंचा आजार

मुठा नदी मुळशी तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते. टेमघरच्या धरणात तिचे पावसाळी पाणी साठते, पुढे ते खडकवासल्याच्या जलाशयाला मिळते आणि तेथून पुण्याच्या लक्षावधी घरांत पोहोचते. त्याच खडकवासल्याच्या परिसरातील नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी ही गावे आणि सिंहगड रस्त्याचा भाग जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या देशाच्या चर्चेचा विषय झाला. काल-परवापर्यंत हिंडती-फिरती माणसे, लहान मुले आणि तरुणही, पायांतील बळ गेल्याची तक्रार घेऊन रुग्णालयांत दाखल होऊ लागली. आजाराचे नाव होते गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींना प्राणास मुकावे लागले.

एरवी हा आजार दुर्मीळ आहे. जगभरात वर्षाला लाखामागे साधारण एक ते दोन जणांना तो होतो. त्यामुळे एका शहराच्या एका कोपऱ्यात इतके रुग्ण एकाच वेळी दिसणे ही धोक्याची घंटा होती. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासण्यात आले. त्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे. तपासाचा रोख साहजिकच नांदेड येथील विहिरीकडे आणि त्या भागातील पाणीपुरवठ्याकडे वळला.

रक्षकच उलटतो तेव्हा

जिवाणू पोटात गेला की जुलाब होतात, ताप येतो आणि चार-आठ दिवसांत माणूस बराही होतो. मग पायांतील बळ का जावे? याचे उत्तर आपल्या प्रतिकारशक्तीच्या स्वभावात आहे. शत्रूला ओळखून त्याच्यावर प्रतिपिंडे सोडणे हे तिचे काम. परंतु कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणातील काही घटक आपल्या मज्जातंतूंच्या पृष्ठभागावरील घटकांशी विलक्षण साम्य राखतात. जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरही तुटून पडतात. वीजवाहक तारेवरील वेष्टन खरवडले जावे, किंवा आतील तारच दुखावली जावी, तसा प्रकार घडतो. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

अशा आजारांना स्वयंप्रतिकारक किंवा ऑटोइम्युन आजार म्हणतात. येथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती भलत्या ठिकाणी लढत असते. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे आणि काढे यांचा या आजारात उपयोग नाही. हेही लक्षात घ्यावे, की कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारातील एखाद्यालाच पुढे जीबीएस होतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला भेटण्यास, त्याची सेवा करण्यास भिण्याचे कारण नाही.

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले त्या गुइलेन आणि बॅरे या फ्रेंच वैद्यांनी स्ट्रोल या सहकाऱ्यासह १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोन सैनिकांच्या व्याधीचे वर्णन केले. पाण्याशी त्याचा संबंधही पुण्यात प्रथमच दिसला असे नाही. २०११ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवरील युमा आणि सॅन लुईस या शेजारच्या गावांत जीबीएसची साथ आली, तेव्हाही कॅम्पिलोबॅक्टर आणि नीट निर्जंतुक न केलेले नळाचे पाणी यांच्याकडेच बोट दाखवले गेले.

पहिले दोन दिवस

दोन-तीन आठवड्यांपूर्वी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो, बहुधा विसरलाही गेलेला असतो. मग दोन्ही पायांच्या बोटांत मुंग्या येतात. पाठ आणि पोटऱ्या दुखतात. जिना चढणे जड जाते, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. अशक्तपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि तो खालून वर सरकतो. पुढे हातांची पकड सैल होते, डोळे पूर्ण मिटत नाहीत, घास गिळताना ठसका लागतो. काहींना हे काही तासांत घडते, बहुतेकांना काही दिवसांत. चार आठवड्यांच्या आत आजार आपली कमाल मर्यादा गाठतो.

सामायिकेत अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर बसून उठताना पायाला मुंग्या येणे आपल्या घरांत नेहमीचे आहे. त्या मुंग्या चार पावले टाकली की जातात. ज्या मुंग्या दुसऱ्या दिवशीही तशाच राहतात, दोन्ही पायांत असतात आणि ज्यांच्यामागून बळ जाऊ लागते, त्या निराळ्या. तपस्येच्या दिवसांत अधिक सावध राहावे. अठाईतील अशक्तपणा सर्वांगाला असतो, विश्रांतीने उतरतो. परंतु तपस्वी व्यक्तीला आधाराशिवाय उभे राहता येईनासे झाले, आवाज बदलला किंवा पाणी गिळताना ठसका लागू लागला, तर ‘उपवासाने थकवा आला असेल’ असे म्हणून थांबू नये. पारणे केव्हा करावे हे गुरुमहाराजांना विचारण्याचा विषय आहे. डॉक्टरांना केव्हा दाखवावे हा नाही.

घरांत दुसरीही एक सवय असते. पाय जड झाले की ‘वात धरला’ म्हणायचे आणि तेलाचे मालीश सुरू करायचे. या आजारात ते दोन-चार दिवस फार महागात पडू शकतात. चार-पाच रुग्णांतील एकाच्या श्वसनाचे स्नायू इतके दुबळे होतात, की त्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. रुग्णालयात नेताना एक साधी गोष्ट पाहता येते. रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन एका श्वासात आकडे मोजायला सांगावे. वीसपर्यंत मोजणारा माणूस दहा-बारावर अडू लागला, तर क्षणाचाही विलंब न करता अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांतून किंवा पौडहून निघताना जवळच्या छोट्या दवाखान्यात रात्र काढण्याचा मोह टाळावा.

उपचार आणि त्यांचा हिशेब

गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली असता पाय उडत नाही, ही डॉक्टरांना मिळणारी पहिली खूण. मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातात याची चाचणी होते, पाठीच्या कण्यातील द्रवही तपासतात. पहिल्या आठवड्यात या चाचण्या निर्दोष येऊ शकतात. म्हणून अनुभवी मेंदूविकारतज्ज्ञ अहवालापेक्षा रुग्णाकडे पाहून निर्णय घेतात.

सिद्ध झालेले उपचार दोन आहेत. पहिला प्लाझ्मा बदलण्याचा: रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील प्रतिपिंडयुक्त रक्तद्रव काढून टाकतात आणि त्याजागी दुसरा द्रव भरतात. दुसरा इम्युनोग्लोब्युलिनचा, ज्याला ‘आयव्हीआयजी’ म्हणतात. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडे शिरेतून दिली जातात आणि ती उलटलेल्या प्रतिपिंडांचा जोर मोडतात. हे औषध कोणत्या प्राण्यापासून बनते, असा प्रश्न आपल्या घरांत येतोच. ते मानवी रक्तदात्यांच्या रक्तापासून बनते. दोन्ही उपचारांचा गुण सारखाच आढळला आहे. रुग्णालयात कोणती सोय आहे आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे, यावरून निवड ठरते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितका बरा.

व्यापारी माणसाला हिशेब स्पष्ट लागतो, म्हणून तोही मांडू. आयव्हीआयजीची मात्रा वजनावर ठरते: दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. एकेका कुपीची किंमत हजारो रुपयांत असते. त्यात अतिदक्षता विभागाचे भाडे मिळवले की आकडा लाखांत जातो. आरोग्य विम्याची रक्कम किती आहे आणि घरातील कोणाचे नाव त्यात राहून गेले आहे, हे आजच पाहून ठेवावे. दुकानातील मुनीम आणि हमाल यांचेही पाहावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय आहे का, हे दाखल होतानाच विचारावे. २०२५ च्या साथीत शासनाने पुणे शहरातील रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात, पिंपरी-चिंचवडसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि ग्रामीण भागासाठी ससून रुग्णालयात मोफत उपचारांची सोय जाहीर केली होती.

ऐपत असलेल्या कुटुंबांना एक मोह होतो: ‘एकदा देऊन फरक पडला नाही, पुन्हा द्या.’ गंभीर रुग्णांना लगेच दुसरी मात्रा देऊन काय होते, याचा अभ्यास नेदरलँड्समधील वैद्यांनी केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार अधिक लाभ दिसला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे धोके वाढले. पैसा येथे वेग विकत घेऊ शकत नाही. आतील तंतू दुखावला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढाच वाढतो. पाठीपासून पावलापर्यंतचे अंतर मोजले, म्हणजे बरे होण्यास महिने का लागतात ते कळते. सहा महिन्यांत सुमारे ऐंशी टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात, हा दिलासा मोठा आहे. तोवर नियमित फिजिओथेरपी, कूस बदलणे आणि घरच्यांचा धीर हेच औषध.

एकाच कुळातील इतर आजार

मज्जासंस्थेवर प्रतिकारशक्ती उलटण्याचे इतरही प्रकार आहेत. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये सकाळी माणूस बरा असतो आणि सायंकाळी दुकान बंद करताना त्याच्या पापण्या मिटू लागतात, घास चावताना जबडा थकतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण झिजते. तरुण वयात एका डोळ्याची दृष्टी अचानक मंदावणे हे त्याचे एक रूप. ऑटोइम्युन एन्सेफलायटिसमध्ये शहाण्यासुरत्या मुलीचे वागणे काही दिवसांत पालटते, झटके येतात, आणि घरचे ‘बाहेरची बाधा’ शोधत फिरतात. यांपैकी अनेक आजारांत स्टेरॉइड उपयोगी पडते. जीबीएसमध्ये मात्र ते गुणकारी ठरलेले नाही. म्हणून एकाच्या चिठ्ठीवरचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

आपल्या घरचे पाणी

कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबड्यांच्या मांसातून पसरणारा जिवाणू म्हणून ओळखला जातो. त्यामुळे शाकाहारी घरांना आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पाणी आणि न तापवलेले दूध हे त्याचे आणखी दोन मार्ग आहेत, आणि ते आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतात.

पाणी गाळून पिण्याची आपली परंपरा जीवदयेची आहे. परंतु दुहेरी कापडातून जिवाणू सहज पार होतात, हे समजून घ्यावे. तीन उकळ्या आलेल्या पाण्यात मात्र कॅम्पिलोबॅक्टर टिकत नाही. उकळलेल्या पाण्याला आपल्याकडे कालमर्यादाही सांगितली आहे: पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. ठेवलेले पाणी हातातून, भांड्यातून पुन्हा दूषित होऊ शकते, हे आरोग्यशास्त्रही सांगते. जो नियम घरातील आजी तपस्येच्या दिवसांत पाळते, तो पावसाळ्यात साऱ्या घराने पाळण्यासारखा आहे.

मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आली, नांदेड-किरकटवाडीसारखीच. इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिन्या मागून येत आहेत. मधल्या काळात टँकर, कूपनलिका आणि विकतचे जार यांवर घरे चालतात. साथीत महापालिकेला खासगी पाणी-शुद्धीकरण केंद्रांवरही कारवाई करावी लागली, हे विसरू नये. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी पाण्यात टीसीएल पावडर घालतो आणि ओटी चाचणीने क्लोरीन पाहतो. नमुना पिवळा झाला तर क्लोरीन आहे. ही चाचणी सोसायटीच्या टाकीवर, धर्मशाळेत, उपाश्रयात आणि स्वामीवात्सल्याच्या पंगतीआधी करणे अवघड नाही. खर्च किरकोळ आहे, वेळ दोन मिनिटांचा.

महावीर जयंतीला आपल्या अनेक संघांत रक्तदान शिबिरे होतात. त्या दिवशी दिलेल्या रक्तातील लाल पेशी एखाद्या शस्त्रक्रियेला जातात आणि उरलेला रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी पाठवता येतो. त्यातूनच आयव्हीआयजीची एखादी कुपी तयार होते. यंदाच्या शिबिराची तारीख ठरवताना रक्तपेढीला विचारावे, की उरलेला रक्तद्रव औषधनिर्मितीसाठी पाठवला जातो का.